कोयनेच्या तीन गोष्टी

आमच्या घरात कोयना धरणाच्या तीन गोष्टी सांगितल्या जात आणि तिन्हींचं एकमेकींशी पटत नसे. आजीची गोष्ट धरणाच्या वरच्या अंगाची, तिच्या दिरांची, म्हणजे आमच्या नानांची, भिंतीवरची आणि आत्याची घाटाखालची. लग्नकार्यात तिघं एकत्र आली की वाद ठरलेला. नाना म्हणायचे, "अख्ख्या महाराष्ट्राला उजेड दिला आम्ही." आजी पदर सारखा करत विचारायची, "आणि आमच्या वाडीला कधी दिलात, भावजी?" आत्या चिपळूणकडची. ती दोघांनाही गप्प करायची, "पाणी शेवटी आमच्याच दारात येतं ना!"

कोयना महाबळेश्वरात उगम पावते, सह्याद्रीच्या धारेला लागून दक्षिणेकडे साठ-पासष्ट किलोमीटर येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कऱ्हाडात कृष्णेला मिळते. तिच्या पश्चिमेला एकच डोंगररांग, आणि त्या रांगेपलीकडे कोकण एकदम खाली. पाटण तालुक्यात देशमुखवाडीजवळ भिंत घालायची, डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचा आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात पाणी जवळजवळ पावणेपाचशे मीटरांवरून यंत्रांवर सोडायचं, अशी ही योजना. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी असं अरबी समुद्राकडे वळलं. १९५४च्या सुमारास काम सुरू झालं आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला वीज वाहू लागली.

आजीचं माहेर या पाण्याखाली गेलं. नदीकाठची भाताची खाचरं, फणस, देवराई, गुरवाचं घर सगळं ती हाताने हवेत रेघा मारून दाखवायची. कुठला आंबा कोणाच्या वाटणीचा, हेसुद्धा तिला पाठ होतं. पाणी चढायच्या आधी लोकांनी कौलं उतरवली, दारं-चौकटी सुट्या केल्या, वासे खांद्यावर घेतले आणि देव टोपलीत घातले. तिच्या वडिलांना घराची तुळई हलवता आली नाही, ती तिथेच राहिली. त्याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटे. खोऱ्यातली जवळपास शंभर गावं अशी हलली. भावकी फुटली. कोणी सोलापूरकडे गेलं, कोणी रायगडात, कोणी ठाण्याकडे. भाताच्या माणसांना ज्वारीच्या मुलखात रुजायला एक पिढी लागली.

आजीचा भाऊ मात्र गेला नाही. पाणी चढलं तसा तोही डोंगरावर चढला आणि उतारावर नाचणी-वरी करू लागला. बाजाराला यायचं तर लाँच. घरात रॉकेलची चिमणी. भिंतीपलीकडे तयार होणारी वीज त्याच्या वाडीला पोचायला कितीतरी वर्षं गेली. पुढे १९८५ साली त्याच डोंगरांवर कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि उतारावरच्या वाड्यांना पुन्हा उठायची वेळ आली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६चा. आजीचं माहेर त्याच्या कितीतरी आधीच बुडालेलं. कायदा मागून आला म्हणून कोयनेच्या धरणग्रस्तांना कागदपत्रांची पिशवी घेऊन दोन-दोन पिढ्या कचेऱ्या आणि मोर्चे करावे लागले.

नानांची गोष्ट वेगळीच. ते धरणावर मुकादमाच्या हाताखाली होते. भिंत १०३ मीटर उंच, ८०० मीटरांहून लांब आणि रबल काँक्रीटची, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवत वर नेलेली. प्रत्येक दगड धुऊनच बसवायचा. मातीचं बोट जरी राहिलं तरी साहेब दगड परत काढायला लावी. "भांडी घासली नसतील तेवढे धोंडे घासलेत," असं ते सांगायचे.

या धुण्याची परीक्षा ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाली. चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. धरणाजवळच्या कोयनानगरची घरं बसली, १८०च्या आसपास माणसं गेली, धक्का पार मुंबईपर्यंत जाणवला. नाना बायकोमुलांना ओढून बाहेर घेऊन आले आणि मग, ते सांगत, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. भिंत उभी होती. वरच्या भागात तडे गेले होते. ते पुढे बुजवले आणि भिंतीला मागून काँक्रीटचा जाड टेकू दिला. धरण भरायच्या आधी हा मुलूख स्थिर समजला जाई. जलाशयाच्या भारामुळे आणि खडकाच्या भेगांत मुरणाऱ्या पाण्यामुळे दबलेला ताण सुटतो, याचं जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आता कोयनाच आहे. कऱ्हाडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा आहे आणि खोऱ्यात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासला गेलाय. आजीला याचं नवल नव्हतं. "एवढं ओझं ठेवल्यावर भुई कण्हणारच."

तिची ही भाषा आफ्रिकेत कोणालाही कळली असती. झांबेझी नदीवरचं करिबा धरण आपल्या कोयनेच्या आसपासचंच, १९५९ सालचं. त्याच्यासाठी टोंगा जमातीची ५७ हजारांच्या आसपास माणसं उठवली गेली. त्यांचे म्हातारे सांगत, की नदीचा देव न्यामिन्यामी ही भिंत सहन करणार नाही. १९५७ आणि ५८ला लागोपाठ महापूर आले आणि बांधकामाची नासधूस झाली. जलाशय भरल्यावर १९६३ साली तिथेही सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला. आणि २०२४च्या दुष्काळात करिबाचं पाणी इतकं खाली गेलं, की झांबियात माणसं तासन्‌तास अंधारात बसली. पाण्याची वीज पावसाच्या भरवशावर चालते, हे तिथल्या शहरांनाही त्या वर्षी कळलं.

तरीही नानांची बाजू हलकी नाही. जगातल्या एकूण विजेचा सुमारे सातवा हिस्सा अजून पाण्यापासूनच येतो. पवन किंवा सौर यांपैकी एकटं कोणी अजून तिथवर पोचलेलं नाही. चीनचं थ्री गॉर्जेस २२,५०० मेगावॅटचं. त्यापुढे १,९६० मेगावॅटची कोयना लहानच. पण महाराष्ट्रासाठी तिचं मोल आता संध्याकाळी कळतं. सूर्य कलला की सौरवीज उतरते आणि नेमकी तेव्हाच घराघरांतली मागणी चढते. कोळशाचा थंड संच तापायला कित्येक तास लागतात, पोफळीची यंत्रं काही मिनिटांत फिरू लागतात. म्हणून राज्य भार प्रेषण केंद्र हे पाणी जपून वापरतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि तिचा हिशेब १ जून ते ३१ मे असा चालतो. त्यामुळे दर उन्हाळ्यात साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत "कोयनेचा कोटा किती उरला" ही बातमी हटकून असते.

आत्याच्या गोष्टीत हाच कोटा चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं पाणी होऊन येतो. तिच्या सासूच्या वेळी मे महिन्यात नदीची डबकी व्हायची. वीजघरांतून सुटलेलं पाणी आल्यापासून नदी उन्हाळाभर वाहते. आणि हीच वाशिष्ठी जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढली. पाऊस, भरती आणि धरणाचं पाणी यांत कोणाचा वाटा किती, यावर तिथे अजून भांडणं होतात.

आता सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांची नवी लाट येतेय. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला २००८पासून हे चालू आहे. सौर-पवनाच्या काळात त्याची गरज खरीच आहे, आणि नाना असते तर पहिले तेच कामाला गेले असते. पण कोयनेच्या वेळी तिघांना एकत्र बसवून कोणी विचारलं नव्हतं: वरच्या वाडीतल्यांना, भिंतीवरच्यांना आणि घाटाखालच्यांना. नव्या प्रकल्पाच्या कागदावर मेगावॅटच्या आकड्याआधी तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: उठणाऱ्या घराला जमीन कुठे, ती पाणी चढायच्या आधी मिळणार का, आणि तिथे दिवा कोणत्या तारखेला लागणार. एवढं लेखी मिळालं असतं, तर आजीने नानांशी भांडायचं काही कारणच उरलं नसतं.