सेरामपूरचा छापखाना आणि सौंसरचा वर्ग

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत गेल्या काही वर्षांत एक समज घट्ट रुजला आहे. मुलाचे इंग्रजी सुधारायचे असेल तर घरात मराठी बोलणे आधी थांबवावे, निदान हिंदी तरी बोलावे. शाळा हिंदी, पुस्तके हिंदी आणि इंग्रजीचे मास्तर इंग्रजी समजावून सांगणार तेही हिंदीतूनच. मग पोराच्या डोक्यात तीन भाषांचा काला कशाला? वरवर पाहता हे म्हणणे व्यवहारी वाटते. या भागात इंग्रजी शिकवण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली आणि पालकांच्या तोंडून ते मी इतक्यांदा ऐकले, की इतिहासाच्या अंगाने त्याचा एकदा समाचार घ्यावा असे मनात होते. ही वाट बंगालमधून आणि चीनमधून जाते; वाचकांनी थोडा धीर धरावा.

मराठीचे इंग्रजीत लिहिलेले पहिले छापील व्याकरण 1805 साली बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशन छापखान्यातून निघाले. (त्याआधी 1778 साली रोममध्ये पोर्तुगीज भाषेत एक मराठी व्याकरण छापले गेले होते, पण त्याचा आपल्या शिक्षणाशी काही संबंध आला नाही.) 1805 च्या पुस्तकाचे कर्ते विल्यम कॅरे. कॅरेसाहेब कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवीत. त्यांना मराठी कोणी शिकवले? वैजनाथशास्त्री कानफाडे यांनी, आणि हे शास्त्रीबुवा नागपूरचे. त्या काळी पांढुर्णा काय आणि सौंसर काय, दोन्ही नागपूरकर भोसल्यांच्याच मुलुखात होती. पुण्याचे विद्वान सेरामपूरच्या मराठीला पुढे नाके मुरडीत, त्यातले एक कारण तिला असलेला हा नागपुरी वास. आम्हांला त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. आमच्याच बाजूच्या एका पंडिताच्या तोंडची मराठी इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीत पहिल्यांदा बसवली गेली, एवढे त्यातून सिद्ध होते.

याच छापखान्यातून दहा वर्षांच्या आत चिनी भाषेची दोन व्याकरणे निघाली. कॅरे यांचे सहकारी जोशुआ मार्शमन यांचे 1814 साली आणि रॉबर्ट मॉरिसन यांचे 1815 साली. मार्शमन हे मकावमध्ये जन्मलेल्या लासार नावाच्या आर्मेनियन गृहस्थाकडून बंगालमध्येच बसून चिनी शिकले. मॉरिसन मात्र 1807 पासून कँटनमध्ये राहून शिकत होते, आणि तेथे परकीयांना चिनी शिकवणे हा चिनी माणसासाठी गुन्हा होता. मराठी आणि चिनी यांची नाती भाषाशास्त्रात कोठेच जुळत नाहीत. तरी इंग्रजी माणसाच्या नजरेखालून या दोघी एकाच मांडवात गेल्या, हा योग मला फार बोलका वाटतो.

येथपर्यंत व्याकरणे लिहिली गेली ती इंग्रजांच्या सोयीसाठी. नंतर गंगा उलटी फिरली. 1818 साली मलाक्क्यात ॲंग्लो-चायनीज कॉलेज निघाले आणि तेथल्या चिनी मुलांसाठी मॉरिसन यांनी 1823 साली मकावमध्ये इंग्रजीचे व्याकरण छापले. चिनी मुलाला इंग्रजी व्याकरण शिकवण्याचा छापील प्रयत्न तो हा. त्याची अडचण काय असेल याची कल्पना करून पाहा. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, कर्त्याप्रमाणे बदलत नाही. काल, आज, उद्या हे शब्द घातले की काम भागते. तो, ती, ते या तिघांनाही बोलताना उच्चार एकच, 'था'. ज्या भाषेत 'गो'चे 'वेंट' का होते हा प्रश्नच कधी उद्भवत नाही, त्या भाषेच्या मुलाला तो घोकून तरी किती काळ लक्षात राहणार?

चिनी विद्वानांनी यावर दोन उपाय शोधले. फ्रान्समध्ये शिकून आलेले मा च्यान-चुंग यांनी 1898 साली लॅटिनच्या नमुन्यावर चिनी भाषेचेच व्याकरण लिहिले. आपल्या मुलांना स्वतःच्या भाषेची घडण कळली तर शिक्षणाची वर्षे वाचतील, ही त्यांची भूमिका. दुसरे येन फू. हे इंग्लंडात ग्रिनिचच्या नाविक महाविद्यालयात शिकलेले आणि हक्स्लेचे भाषांतर करून गाजलेले. त्यांनी 1904 साली इंग्रजी व्याकरण चिनीतून समजावून सांगणारे पुस्तक काढले. उभ्या ओळींत छापण्याची शेकडो वर्षांची रीत मोडून चिनी मजकूर डावीकडून उजवीकडे आडवा छापला तो या पुस्तकात पहिल्यांदा, असे सांगतात. कारण अगदी साधे होते. इंग्रजी वाक्य उभे छापता येत नाही! 1920 च्या सुमारास तर 'शी' या इंग्रजी सर्वनामासाठी स्त्रीवाचक खूण असलेले नवे चिनी अक्षरच रूढ करण्यात आले. उच्चार मात्र जुनाच राहिला.

आपल्याकडे हेच काम बरेच आधी झाले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली, वयाच्या अवघ्या बावीसाव्या वर्षी, 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता. मुंबईत इंग्रजी शिकताना त्यांना दिसले की या भाषेला नियम आहेत, तसे ते आपल्या भाषेलाही असणार. आणि मग ते शोधून काढण्याच्या मागे ते लागले. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले ते उगीच नव्हे. पुढे मेजर कँडीसाहेबांनी इंग्रजीची विरामचिन्हे मराठीत आणली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची (हे दादोबांहून वेगळे) 'भाषांतर पाठमाला' तर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिची रीत सरळ आहे. थोडे शब्द द्यायचे, नियम मराठीत सांगायचा, मग मराठीची इंग्रजी आणि इंग्रजीची मराठी करायला लावायची. आजच्या शिक्षणतज्ज्ञांना ती जुनाट वाटते. मला ती येन फूंच्या पुस्तकाची थोरली बहीण वाटते.

आता आमच्याकडे वळू. भोसल्यांचे राज्य 1854 साली खालसा झाले, 1861 साली मध्यप्रांत बनला आणि छिंदवाडा जिल्हा सातपुड्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे पसरला. घाटावरचा भाग हिंदी-गोंडीचा, घाटाखालची सौंसर तहसील मराठी. प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे यात फार अडचण नव्हती. ज्याला इंग्रजी शिकायचे तो हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेजात जायचा, आणि तेथे मराठीतून इंग्रजी समजावणारे गुरुजी आणि मित्र दोन्ही भेटायचे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. नागपूर आगगाडीने पूर्वी होते तेवढेच जवळ राहिले, पण परीक्षा, पुस्तके आणि नोकऱ्या भोपाळच्या बाजूला गेल्या. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. शाळेची भाषा त्याने बदललेली नाही.

आमच्या मुलाला त्यामुळे इंग्रजीच्या तासाला आधी हिंदी परिभाषा शिकावी लागते. नागपूरचा मुलगा 'नाम' म्हणतो, आमचा 'संज्ञा'. तिकडे 'क्रियापद', इकडे 'क्रिया'. तिकडे 'उताऱ्यावरील प्रश्न', इकडे 'अपठित गद्यांश'. हिंदीबद्दल माझी तक्रार नाही. उलट एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदीचे प्रमाणभूत व्याकरण 1920 साली लिहिले ते आमच्याच प्रांतातल्या कामताप्रसाद गुरू यांनी. सागरला जन्मलेले आणि जबलपूरला राहिलेले हे गृहस्थ. आपली मांडणी त्यांनी मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'च्या धर्तीवर केली आणि तसे प्रांजळपणे नमूदही केले. म्हणजे सौंसरच्या वर्गात फळ्यावर लिहिलेल्या हिंदी परिभाषेच्या मागेही मराठी व्याकरण उभेच आहे. ते तेवढे कोणी मुलांना सांगत नाही.

घरची मराठी इंग्रजीच्या आड येते काय, हे आता प्रत्यक्ष वाक्यांवर पाहू. इंग्रजीत 'ही', 'शी' आणि 'इट' अशी तीन सर्वनामे. हिंदीत लिंगे दोनच. हिंदीतून शिकवताना 'इट'साठी 'यह, वह' असे काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी लागते, आणि किताब स्त्रीलिंगी म्हणून पुस्तकाला 'शी' लिहिणारे विद्यार्थी मी शेकड्यांनी पाहिले. मराठी मुलाजवळ 'ते' आधीपासूनच आहे. ते पुस्तक, ते झाड, ते मूल. इंग्रजीतही तान्ह्या मुलाला 'इट' म्हणतात हे सांगितले की वर्गात हशा पिकतो आणि नियम पक्का होतो. अर्थात तो पाटा आणि ती खुर्ची येथे मराठीही दगा देते, पण तिसरे घर मुळात आहे हे कळणे मोठे असते.

दुसरे उदाहरण खास आमच्या बोलीचे. "काय करून राहिला?" "जेवून राहिलो." पुण्याकडचे लोक याला हसतात. पण 'ही इज ईटिंग' आणि 'ही ईट्स' यांतला फरक प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलालाही सांगावा लागतो, कारण तो "मी आत्ता जातो" असेही म्हणतो. आमचा मुलगा 'जेवून राहिला' म्हणजे क्रिया चालू आहे हे आईच्या दुधाबरोबर शिकलेला असतो. हिंदीतल्या 'खा रहा है'नेही हे काम होते, हे कबूल. पण बोलीतले रूप सांगितल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो ओळखीचा भाव उमटतो तो निराळा.

तिसरे, 'आम्ही' आणि 'आपण'. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हे मराठी नेहमी स्पष्ट करते. इंग्रजीला एका 'वुई'वर भागवावे लागते, हिंदीला 'हम'वर. उताऱ्यात 'वुई' आला की त्यात कोण कोण धरले आहे, हा प्रश्न मराठी मुलाला आपसूक पडतो, आणि आकलनाच्या प्रश्नांतला निम्मा गोंधळ तेथेच मिटतो. गंमत अशी की उत्तरेकडच्या चिनी बोलीतही 'वोमन' आणि 'झामन' असे हेच दोन शब्द आहेत. पेकिंगच्या मुलाला जे सुचते ते मोहगावच्या मुलाला सुचते. मधल्या दोन भाषांना मात्र ते सुचत नाही.

उतारा वाचताना सर्वांत मोठी ठेच लागते ती लांब वाक्यात. 'द ट्रेडर हू बॉट द ऑरेंजेस सेंट देम टु नागपूर' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. 'ऑरेंजेस'पर्यंत येऊन मुले थांबत; वाक्य संपले असे त्यांना वाटे. मग 'सेंट' कोणाचे? एकदा सौंसरजवळच्या खेड्यातली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, हे तर 'संत्री घेतलेल्या व्यापाऱ्यानं नागपूरला धाडली' असंच हाय नं? त्यांनी 'घेतलेल्या' मागं टाकलं." इतके नेमके व्याकरण मला कोणत्या पुस्तकात सापडले नव्हते. चिनी भाषाही विशेषणवाक्य नामाच्या आधी ठेवते आणि मध्ये आपल्या 'चा'सारखा एक छोटा 'द' जोडते. 'काल आलेला पाहुणा' त्यांच्याकडेही त्याच क्रमाने येतो. म्हणून इंग्रजी उताऱ्यात चिनी विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो जेथे आमचा अडखळतो. 1977 साली चीनमध्ये विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि 1987 पासून महाविद्यालयांत इंग्रजीची देशव्यापी चाचणी आली. त्यांतून आकलनाच्या उताऱ्यांना जे महत्त्व चढले, त्यामुळे तेथले शिक्षक मुलांना वाक्य सोडवून परत आपल्या क्रमाने मांडायला लावतात. आमची ती मुलगी तेच करीत होती, आणि ते ती मराठीत करीत होती.

एका ठिकाणी मात्र मराठी खरोखर चकवते, तेही सांगून टाकतो. 'रामाने रावण मारला' हा कर्मणी प्रयोग. मुले त्याचे इंग्रजी 'रावण वॉज किल्ड बाय राम' असे करतात, कारण 'कर्मणी' म्हणजे 'पॅसिव्ह' असे पाठ केलेले असते. प्रयोग वेगळा आणि वाच्य वेगळे. कामताप्रसादांचा 'वाच्य' हा शब्द मी येथे आनंदाने उसना घेतो, 'मारला' आणि 'मारला गेला' अशी दोन रूपे शेजारी लिहितो, आणि मुलांना सांगतो की इंग्रजीचा 'वॉज' हा आपल्या 'गेला'च्या जागी आहे.

अशा जोड्यांची एक वही मी करत आलो आहे. डावीकडे आमच्या बोलीतले वाक्य, मध्ये हिंदी, उजवीकडे इंग्रजी. नागपूरहून आणलेल्या तर्खडकरांच्या पुस्तकात डावा रकाना पुण्या-मुंबईच्या मराठीचा आहे, म्हणून तो मला नव्याने भरावा लागला. वहीची आतापर्यंत एकशेचाळीस पाने झाली आहेत. गेल्या पोळ्याच्या सुट्टीत तीन-चार मुली घरी येऊन 'ज्या-त्या'च्या वाक्यांची पाने उतरवून घेऊन गेल्या. त्यांतल्या एकीने समासात आपल्या आजीच्या तोंडची अकरा वाक्ये जोडली आहेत, आणि त्यांतल्या चारांचे इंग्रजी मला अजून नीट जमलेले नाही.