भीमातीरीचे महाचैत्य

पंढरपूर मागे टाकून भीमा कलबुर्गी जिल्ह्यात उतरते, तेथे तिच्या काठी सन्नती हे गाव आहे. महाराष्ट्रातील कित्येक घराणी येथील चंद्रलांबेस कुलदेवता मानतात. तेव्हा हे नाव मराठी वाचकास अगदीच अपरिचित नसावे. १९८६ साली या देवालयाच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या आसनाखालील शिळा उघडी पडली. तिच्या दोन्ही अंगांवर अशोकाचे धर्मलेख कोरलेले होते. मूर्ती बसविण्यासाठी शिळेच्या मध्यभागी खोबण पाडल्यामुळे काही अक्षरे मात्र कायमची गेली. बाराव्या व चौदाव्या लेखांबरोबर यात जे दोन स्वतंत्र लेख आहेत, ते तोपर्यंत कलिंगातील धौली व जौगड येथेच ज्ञात होते.

जवळच्या कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून उत्खनन झाले व एक भव्य स्तूप प्रकाशात आला. ‘अधोलोक महाचैत्य’ हे त्याचे नाव तेथील लेखांतच आढळते. वर्तुळाकार मेधी, तीवर अंड, चारही दिशांना पुढे आलेली आयक-पीठे, भोवती प्रदक्षिणापथ व वेदिका अशी त्याची रचना होती. घरोघरी माहीत असलेल्या फरशीचे शहाबाद याच जिल्ह्यातले; स्तूपाचे शिल्पपट्टही या भागातील चुनखडकाचेच आहेत. त्यांतील एकावर राणी व परिचारिकांसह एक राजा उभा असून ब्राह्मीत त्याचे नाव आहे: राजा अशोक.

परंतु महाराष्ट्राच्या अभ्यासकास अधिक मोलाचे वाटावेत असे पट्ट सातवाहन राजांचे होत. नाणेघाटाच्या लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या प्रतिमा होत्या. आज तेथे नावे व पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. कनगनहळ्ळीस सातवाहन राजे नावांसह मूर्तिरूपाने भेटतात. जे सह्याद्रीत नष्ट झाले, त्याची पूर्ती भीमाकाठी व्हावी, हा योगायोग नव्हे. दोन्ही प्रदेश एकाच राजसत्तेखाली नांदत होते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली सीमा कारभारास आवश्यक असेल; इतिहासास ती बंधनकारक नाही. प्रतिष्ठानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने भीमेच्या प्रवाहाबरोबर सन्नतीपर्यंत गेलेच पाहिजे.