विमानतळाखालची जमीन कोणाच्या नावावर?

भिंगारहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय.

आपल्या जिल्ह्यात काकडीला शिर्डीचा विमानतळ 2017 साली सुरू झाला. आपण विमानात बसो न बसो, विमानतळाला लागणारी जमीन बहुतेकदा शेतकऱ्याच्याच घरातून जाते. म्हणून आज मुंबईच्या विमानतळांची गोष्ट सांगतो.

मुंबईचा पहिला विमानतळ 1928 साली जुहूला झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथंच उतरले. पण पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं. स्वातंत्र्यानंतर प्रवासी विमानं सांताक्रूझला जाऊ लागली. पुढे शहरानं त्यालाही चारी बाजूंनी वेढलं. वाढायला जागा उरली नाही. मग खाडीपलीकडे, पनवेलजवळ नवा विमानतळ उभा राहिला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचं उद्घाटन झालं. सांताक्रूझचा जुनाही चालूच आहे.

पण ही जमीन सहज मिळाली नव्हती. नवी मुंबई वसवायला 1970 पासून 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भाव कमी मिळाला. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उरण भागात रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायचं ठरलं. विमानतळासाठी दहा गावं उठली, तेव्हा हा वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला.

आता मैत्रिणींनो, हा वाटा मिळतो कोणाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला. भातखाचरात, मिठागरात जन्मभर राबलेल्या बाईचं नाव तिथं नसेल, तर तिचे कष्ट कागदावर दिसतच नाहीत.

गेल्या बैठकीत आम्ही आपापल्या घरचे सातबारे मागवले. पंधरा जणींत दोघींचीच नावं निघाली. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "खुरपं माझं, नाव त्यांचं."

महाराष्ट्रानं 1994 सालीच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. 2005 पासून तो देशभर आहे. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजनाही आहे. त्यासाठी तलाठी कार्यालयात चौकशी करा.

पुढच्या बैठकीला बचतीच्या पासबुकासोबत सातबाराही आणा. सगळ्या मिळून वाचू. रस्ता येवो, धरण येवो की विमानतळ, मोजणीवाले येण्याआधी आपलं नाव लागलेलं असू द्या.