जर्मन ऑफिसमध्ये मुद्दा कसा मांडायचा? योग्य क्रियापद का महत्त्वाचं आहे?

समजा, जर्मनीतल्या एका हॉस्पिटलमध्ये शिफ्ट बदलते आहे. ड्युटी संपलेली नर्स पुढच्या नर्सला सांगते, की एका पेशंटने सकाळपासून पाणी घेतलेलं नाही. नंतर त्या पेशंटची तब्येत बिघडते आणि विचारणा होते. तेव्हा ती काय म्हणेल? 'मी बोलता बोलता सांगितलं होतं' की 'मी लक्षात आणून दिलं होतं'?

मराठीत या दोन वाक्यांतलं अंतर लगेच कळतं. जर्मनमध्ये ते क्रियापदावरून कळतं. पहिल्यासाठी 'एर्व्हेनन', दुसऱ्यासाठी 'हिनव्हायझन'. पहिल्यात नुसता उल्लेख आहे, तर दुसऱ्यात समोरच्याला सावध केल्याची नोंद आहे.

हा विषय आता का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली.

तिथे जाण्यासाठी अनेक जण बी १ किंवा बी २ पातळीपर्यंत जर्मन शिकतात. ओळख करून देणं, खरेदी, प्रवास हे सगळं जमतं. अडतं ते मीटिंगमध्ये. मुद्दा माहीत असतो, पण तो काढायचा कसा हे सुचत नाही.

कोणतं क्रियापद कधी वापरायचं?

मराठीतही आपण विषय 'काढतो', 'मांडतो', 'छेडतो' किंवा एखाद्या प्रश्नाला 'वाचा फोडतो'. प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. जर्मनचंही तसंच आहे.

- आनश्प्रेशन: विषय काढणे. सर्वात उपयोगी आणि सुरक्षित क्रियापद. 'इश म्योश्टे आयनन पुंक्ट आनश्प्रेशन' म्हणजे 'मला एक मुद्दा मांडायचा आहे'.
- एर्व्हेनन: उल्लेख करणे. मुद्दा दुय्यम असेल तेव्हा.
- आनमेर्कन: चालू चर्चेत छोटीशी टिप्पणी करणे.
- हिनव्हायझन: लक्ष वेधणे. धोका, मुदत, नियम, चूक यांसाठी. 'इश म्योश्टे दाराउफ हिनव्हायझन, दास...' म्हणजे 'मी हे लक्षात आणून देऊ इच्छितो, की...'
- आउफग्रायफन: दुसऱ्याने मांडलेला मुद्दा उचलून पुढे नेणे.
- आयनब्रिंगन: प्रस्ताव किंवा कल्पना चर्चेत आणणे.
- आनश्नायडन: विषयाला हात घालणे. शब्दशः अर्थ पावाचा किंवा केकचा पहिला काप कापणे.
- तेमाटिझीरन: एखादा प्रश्न चर्चेचा विषय बनवणे. कामाचा ताण, भेदभाव अशा गंभीर बाबींसाठी शोभतं. कॉफी मशीन बिघडल्याचं सांगायला ते फारच जड होईल.
- त्सुर श्प्राखे ब्रिंगन: हा क्रियापदाचा वाक्प्रचार आहे. शब्दशः 'भाषेपर्यंत आणणे', म्हणजे जवळपास आपलं 'वाचा फोडणे'.

गोंधळ कुठे होतो?

पहिली अडचण म्हणजे तुटणारी क्रियापदं. 'आनश्प्रेशन'मधला 'आन' साध्या वाक्यात सुटा होऊन शेवटी जातो: 'इश श्प्रेशे दास तेमा मॉर्गन आन', म्हणजे 'मी तो विषय उद्या काढेन'. बोलताना शेवटचा 'आन' राहून गेला, तर अर्थ अर्धवट राहतो. यावर सोपा उपाय आहे. वाक्य 'इश म्योश्टे'ने सुरू केलं, की क्रियापद न तुटता अख्खं शेवटी येतं आणि वाक्य नम्रही होतं.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. मराठीत 'त्याबद्दल उल्लेख केला' चालतं, म्हणून अनेक जण 'एर्व्हेनन'ला 'बद्दल' या अर्थाचा 'युबर' जोडतात. ते चूक आहे. 'एर्व्हेनन'ला थेट कर्म लागतं. 'हिनव्हायझन'ला मात्र 'आउफ' लागतोच.

तिसरी अडचण 'आनश्प्रेशन'च्या दोन रूपांची. विषय काढायचा असेल, तर विषय हेच थेट कर्म. पण एखाद्या व्यक्तीकडे विषय काढायचा असेल, तर व्यक्ती कर्म होते आणि विषयाला 'आउफ' लागतो. 'मी बॉसकडे याबद्दल विषय काढला' हे वाक्य असं बनतं: 'इश हाबे डेन शेफ दाराउफ आनगेश्प्रोखन'.

मीटिंगमध्ये कधी बोलायचं?

औपचारिक मीटिंगची विषयपत्रिका सहसा आधीच ठरलेली असते. तिला 'तागेसऑर्डनुंग' म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला थोडक्यात 'टॉप'. 'टॉप ३' म्हणजे तिसरा मुद्दा. त्यात नसलेली गोष्ट काढायची असेल, तर शेवटचा 'फेरशीडनेस' म्हणजे 'इतर विषय' हा भाग त्यासाठीच असतो. मधेच कुणी वेगळा विषय काढला, तर 'दाराउफ गेए इश श्पेटर आयन', म्हणजे 'त्याकडे मी नंतर येतो', असं उत्तर मिळू शकतं. तो नकार समजू नये. मात्र शेवटी आपल्या मुद्द्याची आठवण जरूर करून द्यावी.

तयारी कशी करायची?

नऊच्या नऊ पर्याय एकदम पाठ करण्याची गरज नाही. सुरुवातीला तीन पुरेत: विषय काढायला 'आनश्प्रेशन', दुसऱ्याच्या बोलण्याला जोडून घ्यायला 'आउफग्रायफन' आणि धोका दाखवायला 'हिनव्हायझन'. प्रत्येकाचं 'इश म्योश्टे'ने सुरू होणारं एक आणि भूतकाळातलं एक, अशी सहा वाक्यं स्वतःच्या कामातली तयार करावीत. नर्सने पेशंटबद्दल, इंजिनिअरने मशीनबद्दल. ती मोठ्याने म्हणावीत. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी २ तोंडी परीक्षेतही छोटं भाषण आणि जोडीदाराशी चर्चा असते, तिथेही ती कामी येतात.

भूतकाळाचा सराव तर हवाच. काही बिनसल्यावर विचारणा होते ती भूतकाळातच. तेव्हा 'इश हाबे दाराउफ हिनगेव्हीझन', म्हणजे 'मी हे लक्षात आणून दिलं होतं', हे वाक्य न अडखळता म्हणता यायला हवं. अर्थात, आदल्या शिफ्टला ते खरोखर तसंच सांगितलेलं असेल तरच.