यंत्राच्या पोटातलं यंत्र

मंडळी, गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी विचारणा केली. तब्येत ठणठणीत आहे. बिघडलं होतं ते वेगळंच, आणि ते दुरुस्त करता करता जो इतिहास हाती लागला तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. (मास्तर निवृत्त झाला तरी खडू सुटत नाही!)

तर झालं असं. २००३ साली आमच्या नववीच्या मुलांनी सुट्टीत एक काम केलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायचं आणि ती जशी बोलतील तसं वहीत उतरवायचं. एकेचाळीस जण बोलले. खडी फोडायला कोण कुठे गेलं, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी कशी लागायची, सुकडीसाठी पोरं कशी रांग धरायची... तेव्हा जालना जिल्हाही नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला, हेही पुस्तकात सापडतं. पण तान्ह्या पोराला बाभळीखाली झोळीत निजवून दिवसभर हातोडा चालवणारी बाई काय गुणगुणत होती, ते पुस्तकात नसतं. ते या वह्यांत होतं.

वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. उरलं ते मी तेव्हा संगणकावर टंकलेलं. त्या एकेचाळीसांपैकी आज दोघं हयात आहेत.

आता गंमत पाहा. हे टंकन ज्या फॉन्टमध्ये केलं तो फक्त दिसायला देवनागरी. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच होती, त्यांवर मराठी वळणाचे मुखवटे चढवलेले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तेच पान उघडा, म्हणजे कंस, डॉलर आणि स्वल्पविरामांची रांगोळी दिसते! असं का व्हावं? देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली होती. भारतीय लिप्यांचं आपलं इस्की हे मानकही त्याच वर्षीचं. विंडोज २००० पासून तर मंगल फॉन्टही मिळू लागला. पण छापखान्यांत आणि टंकन केंद्रांत जुने फॉन्ट पुढेही कितीतरी वर्षं चालले, कारण हात त्यांना सरावले होते. मीही त्यातलाच. परिवर्तक आहेत, पण माझ्या फॉन्टचा तक्ता एकाशीही पुरता जुळेना. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

जुना संगणक अखेर २०१६ साली बंद पडला, तेव्हा पुण्याच्या नातवाने एक युक्ती केली. नव्या संगणकात एक आभासी संगणक उभा केला, त्यात विंडोज एक्सपी घातलं, आणि त्यात माझं जुनं सॉफ्टवेअर. खिडकी उघडली की आत २००३ साल! आतल्या बिचाऱ्या एक्सपीला पत्ताही नसतो की आपण खऱ्या यंत्रावर नाही, यंत्राच्या पोटात आहोत.

मला वाटलं हे आजकालचं खूळ असेल. पण नाही. ही कल्पना आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात साठच्या दशकात आकाराला आली. रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने सीपी-४० ही प्रणाली केली, ती १९६७ साली वापरात आली. संगणक तेव्हा खोलीभर आणि किंमत डोळे पांढरे करणारी. म्हणून एकाच यंत्राचे असे भास निर्माण करायचे की प्रत्येकाला वाटावं, सगळं यंत्र माझंच! पुढे २ ऑगस्ट १९७२ ला आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं. तारीख वाचून मी थबकलोच. त्याच पावसाळ्यात इकडे आमचं आभाळ कोरडं होतं. या व्हीएमचा एक उपयोग असा, की गिऱ्हाईक नव्या प्रणालीकडे जाईपर्यंत जुनीही त्याच यंत्रावर चालू ठेवायची. म्हणजे माझी अडचण काही नवी नव्हे. घरगुती संगणकावर हे जमायला मात्र १९९९ उजाडलं. त्या वर्षी व्हीएमवेअर कंपनीचं वर्कस्टेशन आलं. इंटेलने प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली ती २००५ पासून.

असो. माझ्या संगणकावरचं असं सॉफ्टवेअर कुठलं, त्याचं नाव घेत नाही. त्याने अद्ययावत होण्याची परवानगी मागितली, मी दिली. दुसऱ्या दिवशी एक्सपी उठेना. लाल फुलीचा निरोप आला की साठवलेली स्थिती परत आणता येत नाही. आणि खाली बटण, ती स्थिती टाकून द्या.

इथे माझी चूक कबूल करतो. मी आतलं एक्सपी रीतसर बंद करतच नसे. खिडकी मिटताना 'आहे तसं निजव' म्हणायचो. म्हणजे उघडी पानं, न साठवलेला मजकूर, सगळं त्या क्षणी जसं असेल तसं गोठतं. सोयीचं वाटायचं. सध्या मी जुनं पान पाहून शेजारी युनिकोडमध्ये पुन्हा टंकतो आहे, पण दुरुस्त्या सवयीने जुन्याच पानात करतो. एक आजी, वय नव्वदीच्या पुढे, पावसाळ्यात फोनवर दीड तास बोलल्या होत्या. त्यांचं नवं सांगणं मी जुन्या मुलाखतीखाली जोडलं, सेव्ह न करताच. दिवाळीनंतर आजी गेल्या. त्यांचे शब्द फक्त त्या निजलेल्या यंत्राच्या स्मृतीत होते.

नातवाला फोन लावला. पहिलंच वाक्य, "आबा, ते बटण दाबू नका. कशालाच हात लावू नका."

त्याने समजावलं ते असं. गोठवलेली स्थिती म्हणजे आतली सगळी स्मृती, शिवाय त्या काल्पनिक पडद्याची, माउसची, डिस्कची त्या क्षणाची नोंद. ही नोंद ज्या आवृत्तीने लिहिली तिच्याच पद्धतीची असते. नव्या आवृत्तीने काल्पनिक सामानाची मांडणी बदलली, की तिला जुनी नोंद लागत नाही. नोंद शाबूत आहे, वाचणारा बदलला आहे.

हे ऐकून मला २०२३ आठवलं. आपल्याच अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा कचेऱ्यांत कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. माझ्या आजोबांना मोडी येत होती. मला येत नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो तरी!

उपाय मग सोपा होता, पण चार दिवस लागले. आधी त्या यंत्राचा अख्खा फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवला. मग नवी आवृत्ती काढली आणि नेमकी आधीच्याच क्रमांकाची जुनी आवृत्ती घातली. ती म्हणे, या यंत्राची मांडणी-फाइल माझ्यानंतरच्या आवृत्तीची आहे, मला उघडता येत नाही. नशिबाने अद्ययावत करताना जुन्या मांडणीची प्रत शेजारीच ठेवली गेली होती. तिचं नाव बदलून ती जागेवर बसवली. सुरू करण्याचं बटण दाबलं. काळा पडदा... मग एक्सपीचं ते हिरवं कुरण, आणि त्यावर आजींचं पान, कर्सर लुकलुकत, मी शेवटचा सोडला होता तिथेच.

आधी सेव्ह केलं. दोनदा. मग एक्सपी त्याच्या स्टार्टमधून रीतसर बंद केलं, आणि त्यानंतरच नवी आवृत्ती पुन्हा घातली. या वेळी कुरकुर न करता चाललं. माउस तेवढा खिडकीत अडकत होता, कारण आतलं जोड-सॉफ्टवेअर अजून जुनंच होतं. ते नातू संक्रांतीला आल्यावर बघेल.

काल आजींची मुलाखत युनिकोडमध्ये पूर्ण झाली. ही सतरावी. छापूनही ठेवली, दोन प्रती. अठरावी एका मुकादमाची आहे, फार लांबलेली, आणि त्यात रफार फार!