बँक बुडवायला इस्तंबूल लागत नाही

2009 साली ‘द इंटरनॅशनल’ हा इंग्रजी सिनेमा आला. एक तपास अधिकारी बर्लिन, मिलान, न्यूयॉर्क, इस्तंबूल असा एका बँकेच्या मागे धावतो. या कथेला आधार होता बीसीसीआय या खऱ्या बँकेचा. आगा हसन अबेदी यांनी 1972 मध्ये ती काढली. नोंदणी लक्झेंबर्ग आणि केमन बेटांत, कारभार लंडनमधून, शाखा जगभर. पूर्ण हिशेब कोणत्याच एका देशाच्या हाती नव्हता. 5 जुलै 1991 रोजी टाळे लागले, तेव्हा ब्रिटनमधल्या आशियाई छोट्या दुकानदारांची पुंजीही त्यात अडकली.

हे सगळं परदेशातलं वाटतं? मग आपल्या बीडकडे पाहा.

ज्ञानराधा मल्टिस्टेटने 12 ते 14 टक्के व्याजाचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या, असे ईडी सांगते. संबंधित उद्योगसमूहावर ऑक्टोबर 2023 मध्ये आयकर छापे पडले, ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि पैसे मिळेनासे झाले. 2024 मध्ये अध्यक्षांना अटक झाली. 2,400 कोटींहून अधिक रक्कम कर्जाच्या नावाखाली स्वतःच्याच समूहाकडे वळवली, असा ईडीचा आरोप आहे. निकाल कोर्ट देईल. पण फट कायद्यातच होती. 2002 च्या कायद्याने मल्टिस्टेटची नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे. राज्याच्या सहकार खात्याचा हात तिथे पोहोचत नाही. ती बँक नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, इथे एक रुपयाही नाही. बीसीसीआय दोन देशांच्या मध्ये लपली, मल्टिस्टेट दोन खात्यांच्या मध्ये.

बाबासाहेबांनी 1923 मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिला आणि 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. 14 एप्रिलच्या भाषणांत आपण हे अभिमानाने सांगतो. पण त्यात म्हटलंय काय? चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला. ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा आहे, त्याच्या चांगुलपणावर विसंबू नका, त्याला नियमाने बांधा. हाच विचार पतसंस्थेलाही लागू आहे.

मी काम करतो त्या वस्तीत एका ताईंनी मुलीच्या शिक्षणाचे पैसे अशाच एका संस्थेत ठेवले होते. “चेअरमन देवमाणूस आहे,” असं त्यांना सांगितलं गेलं. मुलीचं कॉलेज सुटलं. देवमाणसाच्या नावावर व्यवहार करायला शिकवणारी ही भक्तीच आपल्याला नडते.

मित्रांनो, पुढच्या वस्ती बैठकीत तीन प्रश्न शिकवा. रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का? ठेवीला विमा आहे का? गोळा झालेला पैसा कोणाला कर्जाने दिला? उत्तर मिळालं नाही, तर पासबुक घेऊ नका. आणि ज्यांचे पैसे आधीच अडकलेत, त्यांनी गप्प बसू नये. ठेवीदारांसाठी 1999 चा एमपीआयडी कायदा आहे, तक्रार नोंदवा, एकत्र या.

जय भीम.