मराठी विज्ञानकथेतील कल्पितसृष्टी

'केरळकोकिळ'कर्ते कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी इ. स. १९०० मध्ये ज्यूल व्हर्नची चंद्रलोकाची सफर मराठीत आणली. परंतु ती सृष्टी उसनी होती. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' प्रथम आली. लेखक नारायण विनायक जगताप. वस्तुतः जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी फिरवून केलेल्या ह्या नावाची गंमत सर्वश्रुत आहे. तिचे वाङ्मयीन महत्त्व मात्र अभ्यासकांनी पुरते ओळखलेले दिसत नाही. निर्णय कथेवरून झाला, शास्त्रज्ञाच्या कीर्तीवरून नव्हे. पुढे त्यांनी मुंबईवर बर्फ पाडले. शहर ओळखीचे, निसर्गनियम तेच. पालटले ते हवामान. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील वाचकासही ते आपल्याच दारात पडल्यासारखे वाटावे. १८६१ च्या 'मुक्तामाले'तील अद्भुताहून ही सृष्टी येथेच वेगळी होते.